वृद्धांची औषध-तपासणी ओपीडी: पिशवीभर गोळ्या घेऊन जाण्याजोगी

सासूबाई एक्क्याण्णव वर्षांच्या. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, चक्करीसाठी कान-नाक-घशाचे वेगळे. प्रत्येकाच्या चिठ्ठीत शेवटी ‘बाकीची औषधे चालू ठेवा’. ती बाकीची कोणती, हे कुणी बघत नव्हतं. म्हणून वृद्धरोगतज्ज्ञांच्या औषध-तपासणीची वेळ घेतली.

फोनवरच सांगितलं होतं की घरातलं सगळं आणा. डोळ्यांचे थेंब, मलमं, चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यासुद्धा. टेबलावर पिशवी उपडी केली. डॉक्टर एकेक पाकीट उचलून विचारत होते: कशासाठी, कुणी दिली, कधीपासून? आणि विचारत होते आईंना, मला नाही. (ऐंशीच्या पुढच्या पेशंटला सोडून सोबतच्या माणसाशीच बोलायची सवय इतक्यांना असते, की यासाठी मी वेगळा तारा देईन.)

खरी गंमत पुढे. रक्तदाबासाठी ॲमलोडिपिन होती. तिने घोट्यांना सूज येऊ शकते, तशी आली. ती हृदयामुळे असेल म्हणून लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड सुरू झाली. पण ही सूज बारीक रक्तवाहिन्यांतून पाझरलेल्या पाण्याची. लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही, उलट अंगातलं पाणी-क्षार कमी होऊन उभं राहताच डोकं गरगरतं. त्या गरगरण्यावर प्रोक्लोरपेराझिन. ती लांबली की हालचाल मंदावते, हात थरथरतो, थेट पार्किन्सनसारखं दिसतं. आमची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरलेलीच होती! तिथून चौथी गोळी आलीच असती.

रक्तदाब आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजला. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर तो धोक्याचा मानतात. आईंचा बराच जास्त उतरला. मूत्रपिंडाचं काम ज्यावरून जोखतात ते रक्तातलं क्रिएटिनिन रिपोर्टात नॉर्मल होतं, पण स्नायू झिजलेल्या शरीरात ते मुळातच कमी तयार होतं, म्हणून वय-वजन धरून मूत्रपिंडाचा हिशोब केला. मूत्रपिंडावर ताण आणणारी, गुडघेदुखीसाठीची डायक्लोफेनॅक तिथल्या तिथे बंद.

संगणकावर दोन याद्या उघड्या होत्या, वृद्धांना कोणती औषधं शक्यतो टाळावीत ते सांगणाऱ्या. एक बिअर्स यादी, 1991 पासूनची, अमेरिकेतली. दुसरी आयर्लंडमधून 2008 साली आलेली स्टॉप-स्टार्ट. हिचं मला आवडलं ते ‘स्टार्ट’, म्हणजे द्यायला हवं होतं पण दिलं नाही असं औषध. आईंचं मनगट साध्या पडण्यात मोडलं होतं, तरी हाडांच्या ठिसूळपणावर काहीच चालू नव्हतं. ते सुरू झालं. गोळ्या कमी करायला गेलो आणि एक वाढवून आलो, पण पटलं.

क्लोनाझेपामवरून मात्र आई अडून बसल्या. “झोपेची गोळी माझी आहे, ती काढायची नाही.” डॉक्टरांनी हुज्जत घातली नाही. तशीही ती एकदम बंद करत नाहीत. झोप आणखी उडते, जीव कासावीस होतो, क्वचित फिटही येते. पाव-पाव कमी करत बरेच आठवडे न्यायचं ठरलं. आईंनी ‘बघू’ म्हटलं आहे.

आता तक्रारी. नव्वदीच्या माणसांच्या प्रतीक्षागृहात हात नसलेले बुटके सोफे कुणी ठेवले? आईंना उठवायला दोघं लागली. निघताना दिलेला कागद डॉक्टरी संक्षेपांनी भरलेला, तो रिसेप्शनवर परत वाचून घ्यावा लागला. आणि बाकीच्या डॉक्टरांना जाणारं पत्र मागे लागून मिळवलं. ते नसेल तर पुढच्या भेटीत बंद केलेली गोळी पुन्हा लिहून येते. आमच्याकडे फ्युरोसेमाइड आलीच होती, पत्र दाखवल्यावर खोडली.

चक्कर जवळजवळ थांबली आहे. हाताची थरथर कमी झाली, गेलेली नाही. तिला काही महिने लागू शकतात असं आधीच सांगितलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ सध्या पुढे ढकलली आहे.

चार तारे. पत्र हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका.