बागेतला हास्यक्लब, नक्की जाऊन बघा

आमच्या जवळच्या बागेत रोज सकाळी हास्यक्लब भरतो, फी वगैरे काही नाही, आणि चाळिशीनंतर एवढं मनसोक्त खेळायला मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं. आयडिया मूळची मुंबईचीच, डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये अंधेरीतल्या एका बागेत पाचजणांना घेऊन सुरू केली, आधी जोक सांगायचे पण थोड्याच दिवसांत चांगले जोक संपले म्हणून मग जोकशिवायच हसायचं ठरलं. टाळ्या वाजवत "हो हो, हा हा हा" होतं, मग लस्सी हास्य, म्हणजे हातात दोन खोटे ग्लास धरून लस्सी इकडून तिकडे ओतायची, गटकन प्यायची आणि खो खो हसायचं, समोर रिटायर्ड काका पण तेच करताहेत म्हटल्यावर ओढूनताणून आणलेलं हसू कधी खरं होतं कळतच नाही. सिंहहास्यात जीभ बाहेर काढायला नवीन लोक लाजतात, पण कोणी फोर्स करत नाही हे फार आवडलं. दीर्घ श्वसन मात्र घाईत उरकतात, तिथे जरा वेळ द्यायला हवा. हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.