कुडाळ-मालवण रोडवरचं रानमालाचं दुकान: तिरफळं घ्या, सप्तरंगी नको

कुडाळहून मालवणला जाताना हे छोटं दुकान लागतं, बोर्ड धड दिसत नाही पण माल एक नंबर. आमसुलं मऊ, काळपट, सालं रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली, नुसतं मीठ चोळून वजन वाढवलेली नाहीत. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, तेही मिळतं, टाचांच्या भेगांवर लावून बघा.

पण खरी मजा तिरफळांची. पुडी सोडली की गाडीभर वास, बी काढून जरा ठेचून बांगड्याच्या तिखल्यात टाका बास! तिरफळाचं झाड म्हणजे खोडापासून काटेच काटे, म्हणून बरेच जण सरळ फांद्याच तोडतात आणि खाली बसून आरामात खुडतात. दुकानवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, आम्ही आकडीन घोस वडतो, "खांदी तोडलंस तर फुडल्या वर्साक काय गावतला?" हे आवडलं.

मग त्याच काकांच्या काउंटरवर सप्तरंगी या रानवेलीच्या मुळ्यांच्या जुड्या, वर 'शुगरवर रामबाण' असं लेबल, हे काही पटलं नाही. फळ काढलं तर झाड राहतं, मुळी खणली की वेलच गेली, आणि वेल गेली की तिचं बीही गेलं. नरक्या या रानझाडाचं तेच झालं ना, कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात मिळतं म्हणून सह्याद्रीत झाडंच्या झाडं बुंध्यातून तोडली. बोललो तर काका म्हणे गिराईक मागतत, आता यावर काय बोलणार, मागणारे आपणच. गोळा करणाऱ्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही, 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या इतर मालावर, त्यांचा हक्क आहेच आणि पोटही त्यावरच आहे.

तसं फळं काढणंही रानाला अगदीच फुकटात पडत नाही. कोकमाची साल आमसुलात, बी मुठेलात, रानातलं सगळंच उचललं तर खाली रुजणार काय? मोठी झाडं उभी दिसतात म्हणून रान बरं वाटतं, पण खाली रोपं आहेत का ते कोण बघतं. इथलं कोकम परसातलं आहे म्हणाले, म्हणून बिनधास्त घेतलं.

पाचातले चार स्टार, एक मुळ्यांपायी कापला. जीपे चालतं पण नेटवर्क नसतं, सुटे ठेवा. आणि तिरफळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा नाहीतर चहाला पण वास लागतो.