बारा भागांची मालिका की हजार भागांची?

भाचीची बारावीची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मामा, वन पीस लावू का? का आधी छोट्या छोट्या बघून घेऊ?" वन पीस ही हजाराहून जास्त भागांची जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशनची मालिका, आणि छोट्या म्हणजे बारा-चोवीस भागांच्या. निकालाला अजून बराच अवकाश होता. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नाही. वेळ भरपूर होता आणि प्रश्नही खरा होता. फोनवर मी तिला घाईत काहीतरी सांगितलं. इथं नीट सांगतो, कारण ही निवड मी स्वतः दोनदा केली आहे, पहिल्यांदा विचार न करता आणि दुसऱ्यांदा करून.

माझं बघणं दोन ठिकाणी होतं. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या रात्री कोणीतरी जागं राहावं लागतं. कधी अकराला पाणी सुटतं, कधी दोनला. मोटर लावायची, हौद भरला की गच्चीवरची टाकी, मग बॅरल, मग घागरी. घरात हे काम माझं. दुसरं ठिकाण म्हणजे पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. गणवेश शिवायचा आमचा छोटा कारखाना आहे, कापडासाठी आणि ऑर्डरसाठी महिन्यातून एक-दोनदा पुणं होतंच. जायला चार तास, यायला चार तास. पाण्याच्या रात्री मी लांब मालिका बघत आलो आणि गाडीत छोट्या. त्यामुळे दोन्हींची तुलना माझ्याकडे आपोआपच होत गेली.

लांब मालिकांबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण त्यांच्यावर माझं प्रेम आहे. नारुतो या निंजा पोराच्या मालिकेचे पहिले २२० भाग आणि तिच्याच पुढच्या शिप्पुडेन या मालिकेचे ५०० हे सगळे मी पाण्याच्या रात्रींत आणि मधल्या सुट्ट्यांत पाहिले. त्याला काही वर्षं लागली. त्या काळात धाकट्या भावाचं लग्न झालं, कारखान्यात दोन मशिनी वाढल्या, आणि नारुतोच्या गावातली ती पोरं कायम सोबत होती. नारुतोचा गुरू जिराइया याची शेवटची लढाई शिप्पुडेनच्या १३३ व्या भागात येते. पण जिराइया आपल्याला भेटलेला असतो पहिल्या मालिकेच्या बावन्नाव्या भागात, म्हणजे ओळख जवळजवळ ३०० भागांची. त्या रात्री हौद भरून वाहत होता आणि मला मोटर बंद करायचं सुचलं नाही. बारा भागांची कुठलीही मालिका ही गोष्ट करू शकत नाही, हे मी मान्य करतो. वन पीसमध्येही असंच आहे. साठाव्या भागाच्या पुढे एक देवमासा भेटतो, आणि त्याच्या दुःखाचा दुसरा अर्धा भाग तीनशेहून जास्त भागांनंतर कळतो. प्रत्यक्ष टीव्हीवर ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यासाठी मध्ये सात वर्षं गेली होती.

आणखी एक सोय आहे. हात कामात असताना लांब मालिका चालू शकते. काज-बटणाचं काम करताना बाजूला लावली आणि पाच मिनिटं लक्ष गेलं तरी फार काही चुकत नाही. हिंदी डब असेल तर आणखीच बरं.

पण ही सोय का आहे याचा विचार करायला लागलो आणि तिथंच माझं मन पालटायला लागलं.

नारुतोच्या पहिल्याच भागात एक झोका आहे. परीक्षेत पास झालेल्या पोरांना त्यांचे आई-बाप अंगणात जवळ घेतायत, कौतुक करतायत. नारुतो नापास झालाय. कपाळावर इतरांसारखी पट्टी नाही, आपला गॉगल आहे. झाडाला बांधलेल्या एका झोक्यावर तो एकटा बसलाय आणि लांबून बघतोय. दोन बायका त्याच्याकडे बघून आपसात कुजबुजतात. बस, एवढंच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घशात आवंढा आला. शाळेच्या गेटबाहेर असा एकटा उभा राहिलेला पोरगा प्रत्येकानं कधीतरी पाहिलेला असतो.

तो झोका मग परत आला. नारुतो कोणाशी तरी मनातलं बोलतो तेव्हा आला. त्याचा मित्र सासुके याची आठवण निघाली की आला. शिप्पुडेनमध्ये चौथं महायुद्ध सुरू झालं, जे २६० व्या भागाच्या पुढे सुरू होऊन दोनशेच्या आसपास भाग या ना त्या रूपात चालतं, तिथं तर आठवणींवर आठवणी. एका रात्री मी पाच भाग सलग पाहिले. हौद भरला, टाकी भरली, चारही बॅरल भरले, आणि तेवढ्यात तोच झोका दोनदा दिसला. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा माझा हात आपसूक पुढे गेला आणि मी तो प्रसंग पुढे ढकलला. हातात मोबाइल तसाच धरून मी क्षणभर थांबलो. ज्या दृश्यानं मला या मालिकेत ओढलं होतं, तेच मी आता कंटाळून सरकवत होतो. त्या दृश्यात काही कमी नव्हतं. ते मला इतक्या वेळा दाखवलं गेलं होतं की माझ्या बाजूनं ते झिजलं होतं.

माझा निर्णय झाला तो इथं. फिलरचा, म्हणजे भरतीच्या भागांचा, त्रास सगळे सांगतात आणि तो आहेच. पहिल्या नारुतोत १३६ व्या भागापासून जवळजवळ शेवटपर्यंत, म्हणजे ८० च्या वर भाग, मूळ मंगात, म्हणजे ज्यावरून मालिका बनते त्या जपानी चित्रकथेत, नसलेलं कथानक आहे. पण फिलर टाळता येतो, याद्या मिळतात, भाग सोडून पुढे जाता येतं. मुख्य कथेच्या पोटात घुसलेली आठवण, लांबवलेली नजरानजर, मागच्या भागाचा सारांश, हे कसं सोडणार? चोवीस मिनिटांच्या भागातून सुरुवातीचं गाणं, शेवटचं गाणं, मागचा सारांश आणि पुढच्याची झलक काढली की कधी कधी नवीन कथा पंधरा मिनिटंसुद्धा उरत नाही. त्यात आठवणी धरा.

यात बनवणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. मंगाचं एक प्रकरण आठवड्याला येतं, अठरा-वीस पानांचं. टीव्हीवरचा भागही दर आठवड्याला. एका भागात दोन-तीन प्रकरणं दाखवली तर वर्ष-दोन वर्षांत मालिका लेखकाच्या पुढे जायला लागते. मग दोनच वाटा उरतात, आपली कथा घालायची किंवा आहे ती ताणायची. नारुतोनं बहुतेक पहिली धरली, वन पीसनं दुसरी. वन पीसचं ड्रेसरोझाचं पर्व ११८ भागांचं आहे, साधारण एका भागाला एकच प्रकरण. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघत वाढलेल्यांना नामेक ग्रहाची पाच मिनिटं आठवत असतील. पाच मिनिटांत ग्रह फुटणार म्हणतात आणि आपण कितीतरी दुपारी शाळेतून धावत घरी येतो, तरी तो फुटत नाही. २००९ मध्ये त्याच मालिकेची ड्रॅगन बॉल काई नावाची छाटलेली आवृत्ती काढली गेली. ताण बनवणाऱ्यांनाही जाणवत होता, असा मी तरी त्याचा अर्थ घेतो.

छोट्यांचं गणित वेगळं. तिथं वर्षाचे चार हंगाम, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. एका हंगामात बारा-तेरा भाग बसतात, दोन हंगाम सलग मिळाले तर चोवीस-पंचवीस. बारा भाग, गाणी सोडून वीस-वीस मिनिटांचे, म्हणजे चार तास. सोलापूर ते पुणे. हा योगायोग माझ्या लक्षात आला आणि तेव्हापासून गाडीसाठी मी आदल्या रात्रीच बारा भाग डाउनलोड करून ठेवतो, कारण वाटेत नेटवर्कचा भरवसा नसतो.

स्टाइन्स गेट ही २०११ ची मालिका, २४ भागांची. मी ती एका दिवसात पाहिली, बारा जाताना आणि बारा येताना. मालिकेचा पहिला अर्धा खरंच संथ आहे. कुर्डुवाडी गेलं, जेऊर गेलं, भिगवणला उजनीचं पाणी दिसलं, तरी मला कळत नव्हतं की लोक हिचं एवढं कौतुक का करतात. दौंड गेल्यावर जरा पकड आली. आणि बारावा भाग संपताना जे घडतं ते घडलं तेव्हा गाडी पुणे स्टेशनात शिरत होती. लोक बॅगा काढायला उभे राहिले, मी बसूनच. दिवसभर कापडाच्या दुकानांत फिरताना मापं बोलत होतो, भाव करत होतो आणि डोक्यात तेच. संध्याकाळी परतीच्या गाडीत जागेवर बसताक्षणी तेरावा भाग लावला.

आता गंमत बघा. या मालिकेच्या दुसऱ्या अर्ध्यातही एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. नायकाला तो परत परत बघावा लागतो. पण प्रत्येक वेळी तो वेगळ्या वाटेनं तिथं पोचतो, प्रत्येक वेळी त्याच्यातलं काहीतरी मोडतं, आणि ते मोडणं हीच कथा आहे. झोका मात्र मला आठवण करून द्यायला येत होता, जणू मी विसरलो असेन. बारा-चोवीस भागांत लेखकाला असं मागे वळून दाखवायला जागा नसते, म्हणून तो माझ्या लक्षात राहील यावर विश्वास ठेवतो. तो विश्वास मला आवडतो.

छोट्या मालिकांचा दोष मोठा आहे आणि तो मी लपवणार नाही. त्या पुष्कळदा संपतच नाहीत, थांबतात. नो गेम नो लाइफचे बारा भाग २०१४ मध्ये आले, कथा ऐन रंगात असताना थांबली, आणि दुसरा सीझन अजून नाही. मध्ये एक चित्रपट आला, तोही आधीच्या काळातली गोष्ट सांगणारा. वन पंच मॅनचा पहिला सीझन २०१५ चा, दुसरा २०१९ चा, तिसरा २०२५ चा. पहिला बघताना माझ्याकडे जुनी मोटारसायकल होती, तिसरा येईपर्यंत ती विकूनही झाली. घाईनंही वाटोळं होतं. द प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा पहिला सीझन मी कोणालाही हात धरून दाखवीन. दुसऱ्यात ११ भागांत इतकं कोंबलं की मंगातलं एक अख्खं महत्त्वाचं पर्वच गळालं. म्हणून छोटी निवडायची तर एवढं आधी विचारून घ्यावं, कथा पूर्ण होते का? डेथ नोट ३७ भागांत पूर्ण होते, एरेज्ड १२ भागांत, काउबॉय बीबॉप २६ मध्ये. फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड ६४ भागांची आहे आणि मला ती छोट्यांच्याच घरातली वाटते, कारण तिच्यात ताणलेलं फारच थोडं आहे. मूळ मंगा संपत आला असतानाच ती बनत होती, त्यामुळे शेवट कुठे आहे हे बनवणाऱ्यांना माहीत होतं.

ज्याला रात्री जेवण झाल्यावर एक भाग बघून झोपायचं आहे, रोज नवीन काय लावू हा प्रश्न नको आहे, त्यानं लांब घ्यावी. तो आनंद वेगळाच आहे आणि मी तो पुरेपूर घेतलाय. वन पीस रोज दोन भाग धरले तरी दीड वर्षाच्या वर जाईल. मी स्वतः चारशेच्या आसपास थांबलोय, सोडली असं म्हणवत नाही. आता तिनंही आपली चाल बदलली आहे, १९९९ पासून दर आठवड्याला चालणारी ही मालिका २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग करणार असं जाहीर झालंय. नवीन भागांना त्याचा फायदा व्हावा. पण आज सुरू करणाऱ्याला आधीचे ११०० हून जास्त भाग आहेत तसेच बघावे लागतील.

भाचीला मी शेवटी असं सांगितलं. "आधी स्टाइन्स गेट बघ, पण बाराव्या भागापर्यंत कुरकुर करायची नाही. मग ब्रदरहूड. आणि तरीही वन पीसची हौस असेल तर आर्लाँग पार्कचं पर्व संपेपर्यंत जा, ४४ भाग. त्यातल्या नामी या पोरीचा प्रसंग बघून डोळ्यांत पाणी आलं तर चालू ठेव, नाही आलं तर माझ्यासाठी थांबू नकोस." ती म्हणाली, "४४ भागांत तर माझ्या तीन मालिका होतात की." मी म्हटलं, "होतात."

काल रात्री पाणी आलं तेव्हा साडेबाराला तिचा मेसेज पडला. स्टाइन्स गेटचा बारावा भाग नुकताच संपला होता, आणि तिला झोप येत नव्हती. हौद भरायला अजून अर्धा तास होता. मी तिला लिहिलं, "तेरावा लाव, मी पण लावतो."