अंचई खाणाऱ्या मित्राला पटावरच धरायचं की नंतर एकट्याला गाठायचं?

कॅटान या वस्त्या वसवण्याच्या बोर्डगेममध्ये फाशांवर सात पडले की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे टाकावे लागतात. नऊ असतील तर चार जातात, आणि वीट, लाकूड, लोकर, धान्य अशा चार पत्त्यांत एक अख्खी वस्ती उभी राहते. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ६ साताच्या, म्हणजे ही वेळ डावात वारंवार येते. आमच्या शनिवारच्या बैठकीत एक मित्र नेमका तेव्हा पत्ते घट्ट जुळवून वर अंगठा दाबायचा. “माझे सातच आहेत.” मी शेजारीच होतो. मिनिटभरापूर्वी त्याने ते पसरून धरले होते तेव्हा नऊ होते.

त्याआधी मोनोपॉलीत दुसऱ्या एकाला मी सगळ्यांसमोर धरलं होतं. बँक त्याच्याकडे होती आणि पाचशेची एक नोट बँकेतून सरळ त्याच्या गठ्ठ्यात गेली. मी बोललो. तो म्हणाला, “सुट्टे घेतले.” दोघं त्याच्या बाजूने, एक जण माझ्या, आणि डाव तिथेच मोडला. पुढचे दोन शनिवार तो फिरकला नाही. तोंडावर बोलण्याचा फायदा खराच आहे: ज्यांचं नुकसान होतंय त्यांना तेव्हाच न्याय मिळतो. पण चारचौघांत मान खाली गेली की माणूस चूक कबूल करत नाही, तो स्वतःला वाचवतो.

म्हणून कॅटानवाल्याला मी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. ‘चीटिंग’ हा शब्द काढलाच नाही. “काल सात पडले तेव्हा तुझ्याकडे नऊ होते ना रे?” एवढंच विचारलं. तो बराच वेळ कप फिरवत बसला, मग म्हणाला, “सलग चार वेळा हरलो होतो यार.” हे पटावर कधीच बाहेर आलं नसतं. या मार्गाची किंमतही आहे. तो डाव गेला तो गेलाच, आणि बाकीच्यांना वाटत राहतं की सगळं पाहूनही कुणी काही बोलत नाही. तरीही मैत्री जुनी असेल तर मी हाच मार्ग निवडेन.

दोन ठिकाणी मात्र थांबू नका. पैसे लावून खेळत असाल तर तिथल्या तिथे बोला. आणि खेळाडू नवा असेल तर “परत मोज बरं” हे लगेच, सहज म्हणा, कारण बहुधा ती चूकच असते.

बोलायचंच नसेल तर बंदोबस्त करा. सात पडले की सगळ्यांनी पत्ते पालथे ठेवून मोठ्याने मोजायचे. कॅटानमध्ये पत्ते लपवायचे असतात, संख्या नाही. फासे ताटात टाकायचे, खाली पडले तर पुन्हा. मोनोपॉलीच्या नियमांतच आहे की बँकरने स्वतःचे पैसे बँकेपासून वेगळे ठेवावेत, आणि हवं तर फक्त बँकच सांभाळावी. हे डाव सुरू होण्याआधी ठरलं तर बोट कुणाकडेच जात नाही. डाव अर्ध्यावर असताना ठरवलं, तर कोणासाठी ते सगळ्यांना कळतं.

खेळ बदलणं हा चौथा पर्याय. २००८ सालच्या पँडेमिकमध्ये सगळे मिळून रोगांशी लढतात, मित्राला हरवायचंच नसतं. शेरिफ ऑफ नॉटिंगहॅममध्ये पिशवीत काय आहे याबद्दल थाप मारणं हाच खेळ. हॅस्ब्रोने तर २०१८ मध्ये मोनोपॉलीची चीटर्स एडिशनच काढली. कुणाला नुसती खोडी काढायची हौस असेल तर हे खेळ झकास. ज्याला हरणं सोसतच नाही त्याच्यासाठी यांचा उपयोग मला दिसला नाही. त्याच्याशी चहावर बसावंच लागतं.

कॅटानवाला मित्र अजून येतो. सात पडले की आता सगळ्यांत आधी तोच पत्ते खाली ठेवून मोजायला लागतो.