बाटलीतले खत आणि बोअरचे पाणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्लांटेड टाकीसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीसाठी मिळणारे एक 'ऑल-इन-वन' द्रवखत मी गेल्या दिवाळीपासून वापरत आहे. टाकी दोन फुटी असून प्रत्यक्ष पाणी सुमारे 50 लिटर भरते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, दिवा रोज सात तास चालतो, आणि आत रोटाला, व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन व जावा फर्न आहेत. मार्चपासून या खताने पाणी धूसर करायला सुरुवात केली आणि त्यावर उत्पादकाकडून आलेले उत्तर मला मुळीच पटले नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

फेब्रुवारीपर्यंत माझे मत अतिशय चांगले होते. व्हॅलिसनेरियाने तळभर फुटवे सोडले, क्रिप्टोकोरिनची पाने रुंद झाली आणि पाणी इतके नितळ राहिले की टाकीची मागची काच स्वच्छ दिसत असे. तेव्हा लिहिले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मार्चमध्ये पुण्यातील आमच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी कमी झाले आणि बोअर व टँकरचे पाणी मिसळू लागले. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, 150 च्या आसपास असणारा आकडा 600 च्या पुढे गेला आणि पीएच 7.8 पर्यंत चढला. त्यानंतर बाटलीवर सांगितलेला आठवड्याचा डोस टाकला की अर्ध्या तासात पाण्यावर पांढरट झाक येई आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फिल्टर ती ओढून घेई. जिवाणूंमुळे येणारा दुधी गढूळपणा असा एका रात्रीत जात नाही, आणि हिरवे पाणी तर दिवसेंदिवस गडद होत जाते, त्यामुळे शंका खतावरच आली. खात्रीसाठी दोन काचेचे पेले घेतले, एकात नळाचे व दुसऱ्यात आरओचे पाणी भरले आणि दोन्हींत खताचे सारखे थेंब टाकले. नळाच्या पाण्याचा पेला धूसर झाला, आरओचा तसाच स्वच्छ राहिला. ज्यांना असा त्रास होत असेल त्यांनी फिल्टर बदलण्याआधी किंवा यूव्ही दिवा विकत घेण्याआधी ही चाचणी अवश्य करावी, कारण यूव्ही तरंगते शेवाळ मारतो, असा साका घालवत नाही, उलट चिलेटेड लोहाचे, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून विरघळलेले ठेवलेल्या लोहाचे, विघटनच करतो.

कारण रसायनात आहे. लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारे लोह फॉस्फेट बनते, म्हणून अशी खते बाटलीत आम्लधर्मी ठेवतात आणि लोह चिलेट करून घालतात. पण चिलेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारे रसायन, कोणते यावर सगळे अवलंबून आहे. ईडीटीए पीएच साडेसहाच्या पुढे कमजोर पडू लागते, आणि जड पाण्यातले कॅल्शियमही त्याच्यावर हक्क सांगते. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत लोहाला धरून ठेवते. ईडीडीएचए त्याहून कितीतरी पुढे टिकते, पण पाण्याला लालसर रंग आणते. लोह एकदा खाली बसले की झाडालाही ते सहज मिळत नाही. एप्रिलमध्ये माझ्या रोटालाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून फिकट पडू लागली, म्हणजे खत घालूनही लोहाची कमतरताच दिसत होती.

बाटलीवर 'चिलेटेड लोह' एवढेच छापलेले आहे, चिलेट कोणते ते नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ग्राहक सेवेला ईमेल केला, तेव्हा सूत्र गोपनीय असल्याचे कळवून डोस कमी करण्याचा सल्ला देण्यात आला. कृषी सेवा केंद्रातल्या साध्या पाकिटावरही ईडीटीए रूपात 12 टक्के लोह असे स्वच्छ छापलेले असते. द्राक्ष आणि डाळिंबाच्या शेतकऱ्याला जी माहिती मिळते, ती पाचपट भाव मोजणाऱ्या मासेप्रेमीला का मिळू नये?

इथे माझे मत थोडे बदलले, हेही सांगितले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड देणाऱ्यांच्या टाकीत पीएच सहज साडेसहापर्यंत उतरतो, त्यामुळे त्यांना हा दोष दिसत नाही आणि त्यांची स्तुती खरीच असते. माझ्या टाकीतही पीएच सकाळी दिवा लागण्याआधी सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर झाडे व मासे श्वसन करून कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून आठवड्याचा डोस सात भागांत वाटून रोज सकाळी देऊ लागलो, आणि धूसरपणा जवळजवळ गेला. त्यामुळे दोन ताऱ्यांवर आलेले खत मी पुन्हा साडेतीनवर नेले.

तरीही पुढची बाटली मी घेणार नाही, कारण खर्चाचा हिशेब बसत नाही. त्याऐवजी शेतीची सुटी खते वापरता येतात. त्यातले 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचा 1 ग्रॅम 50 लिटरमध्ये सुमारे 12 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट देतो. 0:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, त्याचा दहावा हिस्सा ग्रॅम सुमारे 1.4 पीपीएम फॉस्फेट देतो. एक किलोचे पुडके माझ्या टाकीला कित्येक वर्षे पुरेल. डीटीपीए रूपातले 11 टक्के लोह ऑनलाइन मागवले. त्यातले साडेचार ग्रॅम 500 मिली आरओच्या पाण्यात विरघळवून त्यातले 5 मिली दिले की 0.1 पीपीएम लोह मिळते. फॉस्फेट आणि लोह वेगवेगळ्या दिवशी देतो. 19:19:19 हे मिश्रखत मात्र स्वस्त दिसले तरी टाकीत घालू नये, त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातले नत्र असते, जे माशांना घातक ठरू शकते आणि शेवाळाला आमंत्रण देते. शेतीच्या सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणात तांबे लोहाच्या मानाने बरेच असते, त्यामुळे श्रिम्प असणाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे. मँगनीज आणि बोरॉनसाठी मी उरलेल्या बाटलीचाच चौथाई डोस देत आहे.

ज्यांच्याकडे मऊ पाणी किंवा सिलिंडर आहे, त्यांनी हे खत खुशाल घ्यावे. बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांनी आधी पेल्याची चाचणी करावी आणि विक्रेत्याला चिलेटचे नाव विचारावे. ते सांगितले गेले नाही, तर पैसे खर्च करू नयेत.