क्रिया-प्रतिक्रिया बलांचा प्रयोगसंच: साहित्य उत्तम, माहितीपत्रक सदोष

प्रत्येक क्रियाबलाला तेवढेच आणि विरुद्ध दिशेचे प्रतिक्रियाबल असते, हा न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला गतीचा तिसरा नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. मात्र दोन्ही बले समान आणि विरुद्ध असतील तर ती एकमेकांना रद्द का करत नाहीत, असे विचारले की वर्ग गप्प होतो. या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतः करून सापडावे, म्हणून मी हा संच घेतला. त्यात १० न्यूटनपर्यंतचे (न्यूटन हे बलाचे एकक) दोन ताणकाटे, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावरून बल मोजणारे काटे, दोन गाड्या, रूळ आणि वजने आहेत.

ताणकाटे एकमेकांत अडकवून दोघांनी ओढले, किंवा एकाने ओढून दुसऱ्याने नुसते धरून ठेवले, तरी दोन्हींवरचे वाचन सारखेच येते, आणि मुलांना सर्वाधिक नवल या दुसऱ्या प्रकाराचे वाटते. मात्र काटे उभे धरून शून्यावर लावलेले असल्यामुळे, आडवे करताच अडकवायच्या हुकाचे वजन स्प्रिंगवरून उतरते आणि दर्शक किंचित मागे सरकतो. म्हणून आडव्या स्थितीतच स्क्रू फिरवून शून्य जुळवून घ्यावे.

गाड्यांना मात्र मनापासून दाद द्यावीशी वाटते. दोन गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग सोडली की त्या सारख्याच वेगाने दूर जातात. एकीवर तिच्याइतकेच वजन ठेवले, तर रिकामी गाडी ६० सेंटीमीटर जाईपर्यंत भरलेली ३० सेंटीमीटरच जाते. अडथळे या अंतरांवर लावले की दोन्ही टकरींचा आवाज एकदमच ऐकू येतो. बल तेवढेच, पण प्रत्येक बल वेगळ्या गाडीवर आणि वस्तुमान वेगळे, म्हणून त्वरणही (वेग बदलण्याचा दरही) वेगळे, हे त्या एका आवाजात मुलांना उमगते. चाके तेवढी स्वच्छ ठेवावीत.

माहितीपत्रकातील चूक मात्र गंभीर आहे. टेबलावरील पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया, असे त्यात छापले आहे. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर आहेत आणि पुस्तक स्थिर आहे म्हणूनच ती समान आहेत. तेच टेबल वर वेग घेणाऱ्या लिफ्टमध्ये असेल, तर रेटा वजनापेक्षा जास्त भरतो. पृथ्वी पुस्तकाला ओढते, याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणे. टेबलाच्या रेट्याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने टेबलाला दिलेला रेटा. जो गैरसमज दूर करण्यासाठी संच घ्यायचा, तोच यातून पक्का होतो. उत्पादक हे पान बदलेपर्यंत मी संच माहितीपत्रकाशिवायच वर्गात नेतो, आणि घेणाऱ्यांनीही तसेच करावे.