बाईनं गोटा कुठे करावा? मिरजेतल्या एका सलूनचा अनुभव

मला चाई आहे. डॉक्टर तिला अलोपेशिया एरियाटा म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते आणि डोक्यावर गोल गोल चकत्या पडत जातात. ती संसर्गानं होत नाही. माझा कंगवा वापरून कुणाला झालेली नाही, होणारही नाही. हे आधी सांगितलं, कारण सगळ्यात जास्त वेळा मला हेच विचारतात.

पहिली चकती २०२३ च्या दिवाळीत दिसली, उजव्या कानामागे, रुपयाएवढी. दीड वर्षात अर्ध्याहून जास्त डोकं मोकळं झालं. चकत्यांमध्ये स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली. माक्याचं तेल, जास्वंद, कांद्याचा रस, जे जे कुणी सांगितलं ते ते लावलं. पण औषधापेक्षा जास्त दमवलं ते झाकाझाकीनं. उरलेल्या बटा चकत्यांवर ओढून पिनांनी बसवायला रोज चाळीस मिनिटं जायची आणि शाळेत परिपाठाला उभी राहिले की सगळं लक्ष वाऱ्याकडे. (मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. परिपाठ मैदानात असतो.) शेवटी ठरवलं, उरलंय तेही काढून टाकायचं.

ते काढणार कोण, हा प्रश्न इतका अवघड असेल असं वाटलं नव्हतं. घराजवळच्या पार्लरमध्ये सकाळी दहाला गेले तर तिथली बाई म्हणाली, "ताई, अजून बोहनी व्हायचीय हो." दुसरीकडे ट्रिमर फिरवून सहाशे रुपये घेतले आणि मानेवर अर्ध्या इंचाचा पट्टा तसाच ठेवून दिला. मग ऑनलाइन पाच गोल पात्यांचं, डोकं करायचं मशिन मागवलं, दोन हजार चारशेचं. ते खुंट ओढायचं, भोवऱ्यापाशी नुसतं घरघरायचं, आणि चौथ्या महिन्यात त्याची बॅटरी बसली. कंपनीला तीन मेल केले, उत्तर एकाचंही नाही.

तेव्हा आमचे हे म्हणाले, "काकांना विचारू का?"

काका म्हणजे लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीतलं दोन खुर्च्यांचं सलून. हे वीस वर्षं तिथेच दाढी-कटिंग करतात. दुकानाचं नाव इथे देत नाही. काकांनीच नको म्हणून सांगितलंय आणि त्याचं कारण पुढे येईल. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता यांना विचारलं, "घरात मोठ्यांना विचारलंय ना?" सवाष्ण बाईच्या डोक्याला वस्तरा लावायचा म्हटल्यावर त्यांना जड जाणार हे मला कळत होतं. मी पदर बाजूला करून डोकं दाखवलं. त्यांनी पुढे होऊन बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्याशी बोलले. "सोमवारी या ताई. सातला. दुकान बंद असतं, कुणी नसेल."

आपली आठवड्याची सुट्टी त्यांनी मला दिली. नाव न देण्याचं कारण हेच. सोमवारी गर्दी झाली तर त्यांना सुट्टीच उरणार नाही.

अर्धं शटर वर, आत एक ट्यूबलाइट, भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो आणि त्याला ताजा हार. आधी मशिननं केस बारीक केले. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं डोक्यावर ठेवलं. ते काढल्यावर वस्तरा हातात न घेता काकांनी दोन्ही हातांची बोटं सगळ्या डोक्यावरून सावकाश फिरवली. "मागे डाव्या अंगाला मस आहे. माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. चौवेचाळीस वर्षांत माझ्या डोक्याला इतक्या लक्षपूर्वक कुणी हात लावला नव्हता.

पातं माझ्यासमोर काढलं. कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं आणि कागद माझ्या हातात दिला. हे प्रत्येकानं बघून घ्यावं, पुरुषांनीसुद्धा. वापरलेल्या पात्यातून कावीळ बी आणि सी, एचआयव्ही पसरू शकतात. आपल्यासमोर पातं बदलत नसेल तर खुर्चीतून उठावं.

ब्रशनं फेस केला आणि कपाळापासून मागे न जाता भोवऱ्यापासून पुढे आले, केस जिकडे झुकतात तिकडे. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणायची, बोटाच्या पेराएवढा हात मारायचा, पातं पुसायचं. भोवऱ्यावर आले की हात गोल वळायचा, कारण तिथे केस गोल फिरून उगवतात आणि सरळ हात मारला तर अर्ध्या बाजूला तो उलटा पडतो. मी डोळे मिटून बसले होते. वस्तऱ्याचा खर्र खर्र आवाज कवटीच्या आत घुमत होता आणि मध्येच तो थांबायचा. मला वाटलं ते पातं पुसतायत. मग लक्षात आलं, चकती आली की काका वस्तरा उचलून पलीकडे टेकवतायत. विचारलं तर म्हणाले, "केस नाही तिथे पातं कशाला? उगाच कातडी सोलली जाते." ऑनलाइन मशिन आणि सहाशेचा ट्रिमर दोन्ही त्या चकत्यांवरून दहा-दहा वेळा फिरले होते.

उलटा हात त्यांनी मारलाच नाही. तुळतुळीत नको, स्वच्छ हवं, असं म्हणाले. त्यावर माझा हट्ट होता. दुसऱ्या सोमवारी मी उलटा हात मारायला लावला, आणि तिसऱ्या दिवशी मानेवर केसतोड उठले. सात की आठ, टोकाला पिवळे, उशीवर डोकं टेकवता येईना. केस कातडीच्या आत कापला जातो आणि वाढताना बाहेर यायचा रस्ता चुकतो. त्यात मी वरून खोबरेल चोपडून हेल्मेट घातलं होतं.

पहिल्या दिवसाचं आणखी एक राहिलं. तुरटी फिरवताना काका सहज म्हणाले, "१८९० ला मुंबईत आमच्या लोकांनी सभा घेऊन ठरवलं होतं, विधवांचं डोकं करायचं नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यांना गोळा केलं होतं. बाईच्या मर्जीशिवाय करायचं नाही, म्हणून मी विचारलं घरचं. खरं तर तुम्हालाच विचारायला हवं होतं." मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. त्या सकाळपासून देवघरातून उठल्या नव्हत्या. त्यांची आजी आलवणातली विधवा. दर पंधरा दिवसांनी तिच्यासाठी न्हावी यायचा, मागच्या दारानं, आणि मुलांना माडीवर पाठवायचे. सासूबाईंनी ते माडीच्या खिडकीतून पाहिलेलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी एवढंच विचारलं, "तू पुढच्या दारानं गेलीस ना?"

आता दुकानातल्या उण्या गोष्टी, कारण कुणी जायचं ठरवलं तर माहीत असाव्यात. पायरी उंच आहे, गुडघे दुखणाऱ्या बाईला धरून चढवावं लागेल. बेसिन नाही, मगानं पाणी ओततात, त्यामुळे ब्लाउजचा गळा भिजतो. टॉवेल सगळ्यांना तेच, म्हणून मी माझा नेते. तुरटीचा खडाही माझा वेगळा डबीत ठेवलाय, कारण एकाच्या रक्ताला लागलेला खडा दुसऱ्याला नको. पहिल्या दिवशी सवयीनं त्यांनी आफ्टरशेव्ह लावलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यात अल्कोहोल असतं, नुकत्याच वस्तरा फिरलेल्या डोक्याला ते सोसत नाही. सांगितल्यावर पुन्हा कधी लावलं नाही. घेतात शंभर रुपये. जास्त दिले तर परत करतात.

पुढची निगा मी चुका करत शिकले, त्यात त्वचेच्या डॉक्टरांनी मदत केली. अंगाचा साबण डोक्याला बंद, सौम्य क्लीन्झर. तेल बंद, त्याऐवजी डोकं ओलसर असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर. हेल्मेटखाली सुती टोपी, रोज धुतलेली. माझ्याकडे सहा आहेत, जुन्या साडीच्या अस्तराच्या शिवलेल्या. उशीचा अभ्राही दोन दिवसांआड बदलते. आणि ऊन! मार्चमध्ये मैदानावर अर्धा तास उघड्या डोक्यानं उभी राहिले, रात्री डोकं तव्यासारखं तापलं आणि आठवडाभर पापुद्रे निघाले. केसांनी आजवर किती ऊन झेललं होतं ते तेव्हा कळलं. आता एसपीएफ ५० चं सनस्क्रीन निघण्याआधी वीस मिनिटं, बोटाच्या लांबीच्या दोन पट्ट्या, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा. कानाच्या पाळ्यांचा वरचा काठ आणि मान हमखास विसरली जाते.

एक समजूतही खोडते. गोटा केला की केस दाट येतात, असं आजही मला रोज कुणीतरी सांगतं. वस्तरा मुळाला पोचतच नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं जातं आणि बोथट खुंट हाताला जाड लागतो, एवढंच. ज्यांना चाई आहे त्यांनी या आशेवर डोकं करू नये. नंतरची निराशा फार वाईट असते.

काकांची माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्यांनी मला त्यांच्यावर अवलंबून ठेवलं नाही. चौथ्या सोमवारी खुर्चीत बसल्यावर त्यांनी आरशावर टॉवेल टाकला आणि रेझर माझ्या हातात दिला. डावा हात पुढे, खुंट कुठल्या दिशेचे आहेत ते बोटांनी चाचपायचं, उजवा हात त्याच्या मागून. "आरशात बघितलं की उलटसुलट होतं. बोटांनी बघा." तीन सोमवार हेच. मी वापरते तो जिलेट गार्ड. २०१० मध्ये भारतासाठी काढलेला, तेव्हा दांडा पंधरा रुपये आणि कार्ट्रिज पाच रुपयांना होतं. पातं एकच असल्यानं केस कातडीखाली ओढून कापत नाही, म्हणून केसतोड जवळजवळ थांबले. पुढे कंगव्यासारखी पट्टी असल्यानं कातडी कापतही नाही. फेस मात्र भरपूर हवा आणि दाब अजिबात नको. चार-पाच वेळा झालं की कार्ट्रिज बदलते.

आता गुरुवारी घरी मीच करते आणि महिन्यातून एका सोमवारी काकांकडे जाते, मागच्या बाजूसाठी आणि त्या मसासाठी, कारण तो वाढतोय का हे त्यांची बोटं माझ्यापेक्षा आधी ओळखतात. गेल्या खेपेला उजव्या कानामागे, जिथून हे सगळं सुरू झालं तिथे, त्यांचा हात थांबला. पांढरी, बाळाच्या जावळासारखी मऊ लव आली होती. चाईत परत येणारे केस पुष्कळदा आधी पांढरेच येतात. त्यांनी छोटा आरसा मागे धरून मला दाखवलं आणि विचारलं, "ठेवू का काढू?"

मी ठेवा म्हटलं. बाकी सगळं डोकं करून त्यांनी तेवढी रुपयाएवढी जागा तशीच ठेवली.

जायचं असेल तर रविवारी जाऊ नका, दोन-दोन तास थांबावं लागतं. मंगळवार ते शनिवार दुपारी दोननंतर दुकान रिकामं असतं आणि आता काका त्या वेळात बायकांनाही बसवतात, दारावर पडदा लावून. तो पडदा मी शिवून दिलाय. टॉवेल आणि तुरटी आपली न्या.